सुरगाण्याच्या चार ओळी

पंचवटीत दिंडोरी नाक्याच्या अलीकडे राहणाऱ्या वेणीमाधव गायधनींना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. तरी गल्लीतली माणसं भेटली की अजून हटकून विचारायची, "काय वेणूकाका, काय बातमी?" हा प्रश्न त्यांना मनापासून आवडायचा. त्यांचे वडील गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, तीर्थोपाध्याय. आलेल्या यजमानाला 'कुठून आलात, घरी कोण कोण असतं' हे विचारल्याशिवाय ते संकल्प सोडायला घ्यायचे नाहीत. मुलाने घाटाकडे पाठ फिरवून 'दैनिक उगवती'त नोकरी धरली तेव्हा घरात चांगलंच रण माजलं. वेणूकाकांनी वडलांची समजूत काढली ती अशी: "दादा, तुमचंच काम पुढे चालवतोय. समोरच्याला कुठून आलात, काय झालं, एवढंच विचारायचं. फक्त सोवळं नेसावं लागत नाही."

ती नोकरी त्यांनी जन्मभर केली. शिशाचे खिळे जुळवून पान लावायच्या दिवसांत ते लागले आणि कॉम्प्युटरचं कौतुक संपून तो सगळ्यांच्या अंगवळणी पडला तेव्हा बाहेर पडले. शेवटची कितीतरी वर्षं जिल्ह्याचं पान त्यांच्याकडे होतं. सटाण्याला कांद्याचे लिलाव बंद पडले, वणीच्या घाटात दरड कोसळली, पेठकडे एखाद्या पाड्यावर गुरुजी महिनाभर फिरकले नाहीत, की ते सगळं आधी वेणूकाकांच्या टेबलावर यायचं.

मुलगा-सून पुण्याला. नात सई मात्र शिक्षण संपवून मुद्दाम नाशिकला आजी-आजोबांकडे राहायला आली आणि 'नाशिक चावडी' नावाच्या मोबाइलवरच्या बातम्यांच्या चॅनलमध्ये लागली. गंगापूर रोडला एका चष्म्याच्या दुकानावर दोन खोल्या, हेच त्यांचं ऑफिस. वेणूकाका एकदा हौसेने तिथे जाऊन आले होते. पाच-सहा पोरं कानात बोंडं घालून गप्प बसलेली, आणि संपादक म्हणून तनय नावाचा तिशीच्या आतला मुलगा समोर तीन फोन मांडून एकाच वेळी तिन्हीकडे बघत असलेला.

"अगं, आमच्या ऑफिसात एवढा आरडाओरडा असायचा की खालचा शिंपी वर भांडायला यायचा," घरी येऊन ते बायकोला सांगत होते. "इथे पोरं बातमी करतायत की दहावीचा पेपर सोडवतायत, काही कळत नाही. पण एक सांगू का? सातपूरला कुठे आग लागल्याचा फोन आला आणि एक मुलगी हातातला वडापाव तसाच टाकून पळाली बघ. ते पळणं अगदी आपलं होतं."

"तुम्ही वडापाव कधी टाकला नाहीत हो," गोदाकाकू म्हणाल्या. "खात खात पळायचात."

तर जानेवारीत पत्रकार दिन आला. सई म्हणाली, "आजोबा, आमच्या चॅनलसाठी तुमची मुलाखत घ्यायची आहे. तनय म्हणाला, जुन्या लोकांचं लोकांना आवडतं."

वेणूकाकांनी नको नको म्हणत इस्त्रीचा शर्ट काढला. सईने गॅलरीत उन्हाला खुर्ची टाकली, समोर फोन लावला, आणि काका बोलायला लागले ते चांगले पाऊण तास बोलले. कंपोझिंगच्या खोलीतल्या वासाबद्दल बोलले. खिळ्यांवरची उलटी अक्षरं सुलट वाचायची सवय लागल्यामुळे बरीच वर्षं आरशासमोर दाढी करताना पाठीमागच्या कॅलेंडरवरच्या तारखाही वाचता यायच्या, हे सांगून स्वतःच हसले. पूर आला की घाटावरची माणसं पोलिसांच्या आधी पेपरला फोन करायची, ते सांगितलं. मग रावजीवर आले.

"सुरगाण्याहून आमच्या रावजीचं पाकीट यायचं. रावजी भोये. घरची भात-नागलीची शेती करून बातम्या पाठवायचा. पाकीट एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायचा, आमचा शिपाई ते सीबीएस स्टँडवरून घेऊन यायचा. आत चार ओळी. मग आम्ही इथे बसून बातमी बनवायचो. पण बनवून झाली की सुरगाण्याच्या पोस्टात फोन लावायचा, रावजीला बोलावून घ्यायचं आणि अख्खी बातमी वाचून दाखवायची. तो एक शब्द इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही. मी एकदा 'शेकडो ग्रामस्थ' लिहिलं. तर म्हणतो, साहेब, शेकडो माणसं आमच्या गावात राहतच नाहीत. कुठून आणू?"

सईला हा भाग फार आवडला. तिने सगळं रेकॉर्डिंग ऑफिसात दिलं आणि ती महापालिकेच्या कुठल्याशा मोर्चाला निघून गेली.

पत्रकार दिनाच्या सकाळी चॅनलवर जे आलं ते पाऊण मिनिटाचं होतं. आधी ढोल वाजले. मग पडद्यावर लाल अक्षरं आली: 'इथे बसून बातम्या बनवायचो! ज्येष्ठ पत्रकाराची खळबळजनक कबुली'. मग वेणूकाका दिसले. "सुरगाण्याहून... चार ओळी. मग आम्ही इथे बसून बातमी बनवायचो." पुन्हा ढोल. पुन्हा तेच वाक्य. शेवटी त्यांचं ते कॅलेंडरचं हसणं जोडलेलं, म्हणजे जसे काही ते त्या बनवाबनवीलाच हसत होते.

गोदाकाकूंनी चष्मा लावून दोनदा पाहिलं. "शर्ट तेवढा बरा दिसतोय," म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला.

वेणूकाका आधी रागावले नाहीत. 'बातमी बनवणे', म्हणजे आलेल्या ओळी नीट लिहून काढणे, हा त्यांच्या ऑफिसातला रोजचा शब्द होता. 'ती पेठची बातमी बनवलीस का रे?' असं ते दिवसातून दहा वेळा कुणाला ना कुणाला विचारायचे. बाहेरच्या माणसाच्या कानाला तो शब्द कसा लागतो, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. दुपारपर्यंत मात्र आलं. जुन्या सहकाऱ्यांचे फोन आले. कुणी हसलं, कुणी चिडलं, आणि कोपऱ्यावरचा वाणी मोठ्या आदबीने म्हणाला, "काका, आम्हाला वाटायचं तुमच्या काळात तरी सगळं खरं होतं."

संध्याकाळी सई घरी आली तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते. "मी कापलं नाही आजोबा. मला दाखवलंसुद्धा नाही. तनयशी भांडून आले. तो म्हणतो, एका दिवसात इतक्या लोकांनी आजवर बघितलं नव्हतं आपलं."

"काढून टाका म्हणालीस?"

"काढलं त्याने. पण लोकांनी आधीच पुढे पाठवलंय. ते कसं काढणार?"

वेणूकाकांनी तिला जवळ बसवून घेतलं. पोरगी त्यांच्या खांद्याला डोकं टेकून मुसमुसत राहिली. त्यांना वाईट वाटत होतं, तरी मनात कुठेतरी तनयची दयाही येत होती. पान बंद करून छपाईला सोडायची वेळ आली, शेवटची जागा उरली की कात्री कशी सुसाट चालते, ते त्यांनी स्वतःच्या हातांनी अनुभवलं होतं. त्या पोराचं पान तर बंदच होत नव्हतं. सकाळ नाही, संध्याकाळ नाही, ते आपलं उघडंच.

दोन-तीन दिवसांनी सकाळी दार वाजलं. दारात रावजी भोये उभा होता. कानटोपी, स्वेटर, खांद्याला पिशवी. कितीतरी वर्षांत गाठ पडली नव्हती. पूर्वीपेक्षा वाळला होता, पण उभं राहायची ढब तीच, कुणी घाई करत असलं तरी आपण करायची नाही अशी.

"अरे रावजी! ये, ये की."

रावजी आत आला, पण बसला नाही. पिशवीतून एक पुडकं काढून त्याने गोदाकाकूंच्या हातात दिलं. "नागलीचं पीठ हाय. बायकोनं दिलंय, झुंबरनं. मी नको म्हणत होतो." मग वेणूकाकांकडे वळला. "साहेब, मी भांडायला आलोय."

"भांड. पण बसून भांड. चहा टाकतेय मी," गोदाकाकू म्हणाल्या.

चहा आला. मग रावजी सांगायला लागला. त्याच्या उंबरमाळ गावात धनराज म्हणून एक जीप चालवणारा तरुण होता. त्याच्या फोनवर हे आलं. त्याने स्टँडवरच्या हॉटेलात सगळ्यांना दाखवलं. आणि सगळ्यांदेखत रावजीला विचारलं, "काका, मग ती पोरींच्या शाळेची बातमीपण नाशिकलाच बनली होती काय?"

ती बातमी वेणूकाकांना चांगली आठवत होती. उंबरमाळजवळच्या आश्रमशाळेचं छप्पर गळत होतं, जेवणाचे हाल होते, आणि तिथल्या मुली एका पावसाळ्यात कुणाला न विचारता चालत तालुक्याच्या कचेरीवर गेल्या होत्या. रावजीने चार ओळी पाठवल्या. 'उगवती'ने पहिल्या पानावर छापल्या. साहेब लोक धावले, छप्पर बदललं, स्वयंपाकीणही बदलली. त्या दिवसापासून गावातल्या लग्नपत्रिकांत रावजीच्या नावापुढे 'पत्रकार' लागायला लागलं.

"लोक बोलतात त्याचं काय नाय साहेब," रावजी म्हणाला. "लोक बोलतच असतात. पण ह्ये तुमच्या तोंडून आयकलं. तुमचाच आवाज, तुमचंच हसणं. माला वाटलं, मी तिकडून चार ओळी पाठवायचो आणि तुम्ही माघारी हसत होता काय?"

वाण्याला, सहकाऱ्यांना वेणूकाकांनी हसून टोलवलं होतं. पण हा माणूस पहाटेची थंडी सोसत एसटीने एवढ्या लांब हेच विचारायला आला होता. त्यांनी सईला हाक मारली.

सई आतल्या खोलीतून सगळं ऐकत होती. खाली मान घालून बाहेर आली आणि तिने लॅपटॉप रावजीसमोर ठेवला. पाऊण तासाचं सगळं रेकॉर्डिंग तिने लावलं. रावजी डोळे मिटून ऐकत होता. 'शेकडो माणसं आमच्या गावात राहतच नाहीत' हे आलं तेव्हा त्याच्या मिशा हलल्या. संपल्यावर तो सईकडे वळला.

"मग ह्ये का नाय टाकलं, पोरी?"

"काका, लोकांना वेळ नसतो. मिनिटाच्या पुढे कुणी बघत नाही."

"आमच्याकडं लय वेळ हाय लोकांना," रावजी शांतपणे म्हणाला. "आमाला कुणी विचारलंच नाय."

गोदाकाकूंना हसू फुटलं. मग सईला. रावजीचा राग गेला होता हे दिसत होतं, पण तो बसल्या जागी कानटोपी काढून हातात फिरवत राहिला. वेणूकाकांना कळलं की एकट्या रावजीची समजूत पटून भागणार नाही. त्याला संध्याकाळच्या गाडीने त्याच गावात उतरायचं होतं, त्याच हॉटेलासमोर.

"पेपरात चूक झाली की आम्ही आतल्या पानावर दोन ओळींची दुरुस्ती छापायचो," ते सईला म्हणाले. "शोधूनही सापडायची नाही कुणाला. तुमच्याकडे काय करतात?"

"तनयने खुलासा टाकलाय. कुणीच बघितला नाही."

"म्हणजे तिथे काही बदललेलं नाही." वेणूकाका उठले. "चल रावजी. आम्ही येतो तुझ्या गावाला. मी बोललो ना, मग मीच सांगतो."

"आत्ता?" सईने विचारलं.

"आत्ता. तू सुट्टी टाक. ते तुझं यंत्र बरोबर घे."

गोदाकाकू तोवर आत जाऊन शाल घेऊन आल्या होत्या. "मीपण येणार. संसार झाला सगळा, रावजीचं नाव ऐकतेय. रावजीचा फोन आहे, रावजीचं पाकीट आलंय, रावजीची बातमी राहिलीय, म्हणून ताटं वाढून वाट बघितलीय मी. त्याचं घर तरी बघू दे."

अशी ही चौघं लगेचच्या एसटीत बसली. दिंडोरीच्या पुढे दोन्हीकडे द्राक्षबागा लागल्या. बागांत वाकून काम करणारी माणसं दाखवत रावजी म्हणाला, "ह्यातले निम्मे आमच्याकडचे. भात काढला का इकडं येतात. आता गावात गेलो तर किती घरांना कुलपं दिसतील बघा." वणी मागे पडली, सप्तशृंगीचा डोंगर बाजूला राहिला, घाट चढल्यावर रस्त्याच्या कडेला स्ट्रॉबेरीच्या टोपल्या मांडून बसलेल्या बायका दिसायला लागल्या. सईने खिडकीतून हात काढून फोटो घेतले. वेणूकाका मात्र काहीसे अस्वस्थ होते. जिल्ह्याचं पान एवढी वर्षं चालवलं, पण सुरगाण्याच्या बाजूला ते मोजक्याच वेळा आले होते. तेही जीपमधून, कुणा मंत्र्याच्या मागे. रावजीच्या गावात पाय ठेवण्याची ही पहिलीच खेप होती. रस्त्यात लागणाऱ्या प्रत्येक पाड्याचं नाव त्यांना पाठ होतं. ती नावं आता पहिल्यांदाच घरांसकट, झाडांसकट समोर येत होती, आणि त्यांना फार मौज वाटत होती. "हाच का तो भोरपाडा? नदी एवढुशी आहे रे! तू तर पूर आला म्हणून पाकीट पाठवलं होतंस."

"पावसाळ्यात या साहेब, मग बघा."

उंबरमाळला उतरल्यावर झुंबरबाईने आधी सगळ्यांना जेवायला बसवलं. नागलीची भाकरी, उडदाची डाळ, खुरसणीची चटणी. तिने वेणूकाकांना आपादमस्तक न्याहाळलं आणि नवऱ्याला म्हणाली, "ह्येच काय तुझे साहेब? फोनवर तर लय मोठे वाटायचे." गोदाकाकूंना ठसकाच लागला. दोघी बायका एकमेकींना पाणी देत, हसत बसल्या. जेवण होईपर्यंत नवऱ्यांच्या तक्रारी सांगण्यात त्या इतक्या रंगल्या की बाकीच्यांकडे त्यांचं लक्षच राहिलं नाही.

ऊन कलायच्या आत ग्रामपंचायतीच्या ओट्यावर माणसं जमली. म्हातारीकोतारी, कामाला न गेलेल्या बाया, काही पोरं. धनराजही आला. ज्याच्यावरून हे सगळं झालं तो मुलगा गोरामोरा होऊन उभा होता. पण त्यानेच जीपमधला स्पीकर आणून सईच्या लॅपटॉपला जोडून दिला. वेणूकाकांनी हात जोडले.

"मी गायधनी. तुम्ही फोनवर बघितलं तो मीच. मी जे बोललो त्यातलं अर्धंच तुमच्यापर्यंत आलं. सगळं ऐका आणि मग काय म्हणायचं ते म्हणा. रावजीने नाही सांगितलं असं एक वाक्य त्याच्या नावावर कधी छापलं नाही आम्ही."

स्पीकरवर रेकॉर्डिंग सुरू झालं. लोकांनी रावजीचा भाग मन लावून ऐकला. 'कुठून आणू?'ला मोठा हशा झाला. त्यापुढचं मात्र त्यांना कंटाळवाणं झालं. नाशिकच्या जुन्या गप्पांचं त्यांना काय पडलं होतं? कुणी तंबाखू मळायला लागलं. तेवढ्यात मागे उभी असलेली एक बाई पुढे आली. हिरवं लुगडं, हातात फोन, काखेत कागदांची पिशवी. रावजी कुजबुजला, "सविता. आमची सरपंच."

"बंद करा ते," सविता म्हणाली. "आयकलं आम्ही. धनराज, तू विचारलंस ना पोरींची बातमी खरी का खोटी? माला विचार. मी होते त्यांच्यात."

धनराजने मान वर केली. त्याला हे ठाऊक नव्हतं. बऱ्याच जणांना नव्हतं.

"मी सातवीला होते. छप्पर गळायचं, आम्ही ताटं लावून झोपायचो डोक्यावर. भातात अळ्या. एक दिवस ठरवलं, जायचं. कुणी पुढारी नाय, काय नाय. रावजीकाका तर आम्हाला पार शेवटाला भेटले, कचेरीच्या अलीकडं. सायकल हातात धरून आमच्या बरोबर चालले. त्यांनी लिहिलं ते सगळं खरं." ती वेणूकाकांकडे वळली. "पण साहेब, एक राहिलं त्यात."

"काय राहिलं?"

"लोकांनी पेपर वाचला आणि सगळे हळहळले. बिचाऱ्या पोरी, पावसात चालल्या. आम्ही बिचाऱ्या नव्हतो! लय मजा केली आम्ही. रस्त्यानं काकड्या चोरून खाल्ल्या. नदीशी नाचलो. एक पोरगी होती, ती हेडमास्तरची नक्कल करायची. आम्ही हसून हसून चिखलात बसलो. कचेरी जवळ आली तेव्हा कुठं एकमेकींना म्हणालो, आता गप्प, आता तोंडं पाडा."

ओट्यावर असा काही हशा पिकला की झुंबरबाई घरातून बाहेर धावत आली. रावजी सविताकडे आ वासून बघत होता. "ह्ये तू माला कधी सांगितलं नाय!"

"तुम्ही कधी विचारलं?"

वेणूकाका हसत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. चार ओळींत नाचणं कुठे मावणार होतं? आणि मावलं असतं तरी त्या काळी छप्पर तेवढ्याने बदललं असतं का, कोण जाणे. पण इतकी वर्षं एक गोष्ट आपल्याला पुरती माहीत आहे असं आपण धरून चाललो, आणि तिचा हा सगळा गोडवा इथे डोंगरात तसाच राहून गेला, याची त्यांना गंमत वाटत होती. त्यांनी शेजारी पाहिलं. सईने लॅपटॉप कधीच बाजूला सारला होता. फोन धरून ती सविताच्या समोर मांडी घालून बसली होती.

"ताई, परत पहिल्यापासून सांगा ना. कुठून निघालात? आधी कुणाच्या डोक्यात आलं?"

आजोबांनी नातीचा तो प्रश्न ऐकला आणि ते रावजीला हळूच म्हणाले, "बघ, आमच्या दादांसारखं कुठून निघालात विचारतेय."

मग सविताच्या जोडीला आणखी दोघी पुढे आल्या. त्याही त्या दिवशी चालल्या होत्या. तिघींत वाद लागला. काकड्या कुणाच्या शेतातल्या होत्या यावर तर ज्याचं शेत होतं तो म्हाताराच उठून बोलायला लागला, "म्हणजे त्या तुम्ही होता व्हय? मी माकडांना शिव्या दिल्या!" धनराज जीपच्या टपावर चढून हे सगळं आपल्या फोनवर घेत होता. अंधार पडायच्या आत त्यानेच सगळ्यांना जीपने सुरगाण्याच्या स्टँडवर सोडलं. वाटेत त्याने रावजीला विचारलं, "काका, रागावला का माझ्यावर?" रावजी म्हणाला, "नाय. तू विचारलं ते बरं केलं. माघारी बोलला असतास तर रागावलो असतो."

सईने तो सगळा ऐवज घेऊन तनयशी तीन दिवस झगडा मांडला. तनय म्हणाला, एवढं लांब कुणी बघणार नाही. सई म्हणाली, न बघू दे, पण कापायचं नाही, आणि ढोल तर मुळीच नकोत. शेवटी 'आश्रमशाळेच्या मुली चालत निघाल्या तेव्हा' एवढ्याच साध्या नावाने, तिघी बायकांच्या भांडणासकट, ते चॅनलवर गेलं. नाशिक शहरात ते फारसं कुणी पाहिलं नाही. तनयचं म्हणणं खरं ठरलं. पण दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला आलेल्या माणसांच्या फोनवर ते फिरलं. दुपारच्या सुट्टीत बांधावर बसून लोकांनी ते गटागटाने पाहिलं. रावजीला कुठून कुठून फोन आले. त्या चालणाऱ्यांपैकी एकीचा तर थेट गुजरातेतून आला, जिला गाव सोडून युगं झाली होती. रावजीने हे वेणूकाकांना कळवलं, आणि शेवटी म्हणाला, "साहेब, झुंबर इचारते, काकूंना परत कधी पाठवता?"

त्यानंतरच्या रविवारी दुपारी तनय पंचवटीत घरी आला. सईने त्याला बळेच आणलं होतं. तो जोड्यांपाशीच घुटमळत म्हणाला, "सर, माझं चुकलं. मी पूर्ण ऐकलंच नव्हतं. मला दिवसाला इतके व्हिडिओ काढावे लागतात की..."

"जेवलास का?" गोदाकाकूंनी विचारलं.

"हो. म्हणजे, सकाळी."

त्याला पानावर बसवलं. त्याने पोळ्या किती खाल्ल्या ते कुणी पाहिलं नाही, पण काकूंना पुन्हा तवा टाकावा लागला. जेवण झाल्यावर वेणूकाका त्याला कंपोझिंगच्या खोलीबद्दल सांगायला बसले. तोही पहिली काही वाक्यं मनापासून ऐकत होता. मग त्याची मान झुकली. दिवाणावर टेकल्या टेकल्या तो गाढ झोपला, हाताची मूठ छातीवर, एखाद्या लहान मुलासारखा. त्याच्या खिशातले फोन एकामागून एक थरथरत होते.

सई त्याला उठवायला निघाली.

"थांब," वेणूकाका म्हणाले. त्यांनी अलगद एकेक फोन त्याच्या खिशातून काढला, तिन्ही नेऊन आतल्या खोलीत गाद्यांच्या ढिगाखाली घातले आणि दार ओढून घेतलं. मग खुर्ची गॅलरीत नेली आणि उन्हाकडे पाठ करून, पानांचा आवाज होणार नाही अशा बेताने, पेपर उघडला.